नकाशावरचे रंग आणि उल्हासकाठची जमीन

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत पाककृती, विणकाम, मुलांचे संगोपन आणि मंडळाच्या वर्षभराच्या कार्याचा अहवाल वाचावयाची आपणां भगिनींना सवय असते. त्यांत हा जमिनीचा आणि सरकारी नकाशांचा रुक्ष विषय कोठून आला, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच आहे. परंतु ज्या शेतात उद्या भाताची लावणी व्हायची की सिमेंटचे खांब उभे राहावयाचे, ज्या विहिरीला चैत्र-वैशाखात पाणी राहावयाचे की नाही, ते सारे प्रथम एका कागदावर रंगाने ठरते. हा कागद जमिनीचे दलाल बारकाईने पाहतात, घरातील कर्ते पुरुष कधीमधी पाहतात, आणि घागर जिच्या कमरेवर असते ती बाई बहुधा पाहत नाही. म्हणून आपल्या जांभूळ परिसरावर हे रंग कसे चढत गेले आणि इतर ठिकाणच्या लोकांनी ते वेळेवर कसे वाचले, याचा थोडा इतिहास येथे सांगावयाचा आहे.

प्रथम रंगांची ओळख करून घेऊ. नगररचनेच्या नकाशात राहण्याच्या वस्तीसाठी पिवळा रंग असतो, कारखान्यांसाठी जांभळा आणि शेतीसाठी किंवा जेथे बांधकाम करू द्यावयाचे नाही अशा जागेसाठी हिरवा. आपल्याकडे लोक सर्रास ‘येलो झोन’ आणि ‘ग्रीन झोन’ म्हणतात. हिरव्याचा पिवळा झाला की त्याच मातीची किंमत कित्येक पटींनी वाढते. माती तीच, बांध तोच, आंब्याचे झाडही तेच. परंतु भाव निराळा. शाळा, दवाखाना, बाग, मैदान, स्मशान यांसाठी ज्या जागा राखून ठेवतात त्यांस आरक्षण म्हणतात. ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडते त्याला घर बांधता येत नाही आणि पुष्कळदा मोबदलाही वर्षानुवर्षे मिळत नाही. तेव्हा या रंगांत कोणाचे भाग्य असते तसे कोणाचे दुर्भाग्यही असते.

या व्यवस्थेची सुरुवात इंग्रजी अमदानीत झाली. मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचनेचा कायदा झाला, आणि देशातील अशा कायद्यांत तो पहिला होता. प्लेगच्या साथीने दाट वस्तीचे भय सर्वांना दाखविले होते, आणि नवी वस्ती तरी मोकळी व हवेशीर व्हावी असा त्यामागे विचार होता. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली नवा कायदा झाला. संपूर्ण शहराचा विचार करून विकास योजना तयार करणे हे नगरपालिकांचे कर्तव्य आहे असे त्यात ठरले. पुढे महाराष्ट्र राज्याने १९६६ साली प्रादेशिक व नगररचना अधिनियम केला. तो १९६७च्या जानेवारीत अमलात आला, आणि आजही त्याच्याच आधारे हे काम चालते.

या कायद्यातील एक गोष्ट प्रत्येक भगिनीने पदराला गाठ मारून ठेवावी. योजना कचेरीत तयार झाली म्हणजे ती लगेच लागू होत नाही. प्रथम तिचे प्रारूप प्रसिद्ध करावे लागते. ठरावीक मुदतीत कोणाही नागरिकाला लेखी हरकत किंवा सूचना देता येते. हरकत घेण्यासाठी जमिनीचा मालक असावे लागत नाही. भाडेकरूही ती घेऊ शकतो. मग नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि शेवटी राज्य सरकार योजना मंजूर करते. मंजुरीनंतर एखाद्या तुकड्याचा रंग बदलावयाचा झाला तरीही जाहीर सूचना काढून लोकांचे म्हणणे मागवावे लागते. म्हणजे दार सताड उघडे नसले तरी कडी लावलेली नसते. ते उघडे आहे हे कळेपर्यंत मुदत संपून जाते, हीच खरी अडचण असते.

आता आपल्या परिसराकडे वळू. जांभूळ हे नाव झाडाचे. भोवतालची गावे भातशेतीची. खरिपात भात, भात कापला की ओलाव्यावर वाल, माळावर वरकस जमीन, गुरांसाठी गुरचरण आणि मध्ये गावठाण अशी त्यांची जुनी मांडणी. या सर्वांना जोडणारी उल्हास नदी. राजमाचीच्या डोंगरांतून उतरून ती कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण करीत वसईच्या खाडीला मिळते. उन्हाळ्यातही ती वाहती राहते, त्यामागे माणसाचा हात आहे. आंध्रा खोऱ्यातील पाणी टाटांच्या भिवपुरी येथील वीजघरात १९२२ सालापासून वीज निर्माण करते आणि मग उल्हासेच्या पात्रात येते.

या खोऱ्याचे रूप बदलले ते देशाच्या फाळणीनंतर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. युद्ध संपले आणि त्या रिकाम्या बराकींत सिंधमधून घरदार टाकून आलेल्या सुमारे एक लाख माणसांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तेथे नगराची कोनशिला बसविली आणि नदीवरून त्याचे नाव उल्हासनगर ठेवण्यात आले. एका बराकीत पडदे लावून कित्येक कुटुंबे राहिली. त्या बायांनी पापड लाटले, शिवणकाम केले, मुले शिकविली आणि पाहता पाहता ती छावणी व्यापाराची पेठ झाली. आधी माणसे आली आणि नकाशा मागाहून आला, असे हे शहर. जेमतेम १३ चौरस किलोमीटरच्या आत २०११च्या जनगणनेत ५ लाखांहून अधिक माणसे मोजली गेली.

नकाशा मागे पडल्याची किंमत या शहराने फार मोठी दिली. परवानगीवाचून उभ्या राहिलेल्या ८५५ इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला. पाडण्याचा हुकूम झाला तेव्हा त्यांत राहणाऱ्या हजारो कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली. २००६ साली राज्य सरकारने त्या इमारती दंड घेऊन नियमित करण्यासाठी खास कायदा केला. तथापि कागदावर नियमित झाल्याने भिंत मजबूत होत नाही. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात एकाच महिन्यात दोन जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. घर घेताना त्या कुटुंबांनी आयुष्याची पुंजी ओतली होती. जमिनीचा रंग आणि इमारतीची परवानगी पाहावी हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

शेजारच्या अंबरनाथचा इतिहास त्याहून जुना. वालधुनीच्या काठचे शिलाहारांचे शिवमंदिर शके ९८२चे, म्हणजे इसवी सन १०६०चे. पुढे तेथे आगपेट्यांचा कारखाना आला, स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने आले. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि आपल्या भागात एमआयडीसी हा शब्द घरोघरी झाला. कारखान्यांना पाणी हवे, म्हणून महामंडळाने बारवी नदीवर धरण बांधले. ते १९७२ साली पुरे झाले आणि नंतर टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढविण्यात आली. वाढीव उंचीपर्यंत ते २०१९ साली प्रथम भरले. त्या पाण्याखाली ज्यांची घरे व शेते गेली त्या कुटुंबांना मोबदल्यासाठी आणि नोकऱ्यांसाठी कित्येक वर्षे झगडावे लागले. बारवीचे पाणी नदीतून खाली येते, आपटीच्या बंधाऱ्यापाशी उचलले जाते आणि आपल्या जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन मोठमोठ्या नळांनी कारखान्यांना आणि शहरांना जाते. जांभूळचे नाव नकाशात शोधावे लागेल, परंतु जांभूळचे पाणी ठाण्याच्या दिशेने रोज लाखो चुली पेटण्यापूर्वी पोहोचलेले असते. जमिनीच्या रंगाची गोष्ट आपल्याकडे अखेर पाण्यापाशी येऊन थांबते, ती अशी.

मुंबईच्या भोवतीचा सारा प्रदेश एकत्र धरून त्याची योजना करावी हा विचार १९६७ साली सुरू झाला आणि पहिली प्रादेशिक योजना १९७३ साली मंजूर झाली. मुंबईचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे आणि कल्याणच्या परिसरातही वाढीला वाव द्यावा, असे तिचे धोरण होते. तेव्हापासून आपली गावे मुंबईच्या हिशेबात धरली गेली. १९८३ साली कल्याण महानगरपालिका झाली तेव्हा अंबरनाथ व बदलापूर तिच्यात होते. १९९२ साली ते बाहेर पडून त्यांच्या नगरपालिका झाल्या. दुसरी प्रादेशिक योजना १९९९ साली मंजूर झाली. अंबरनाथ, कुळगाव-बदलापूर आणि भोवतालचे अधिसूचित क्षेत्र यांची विकास योजना २००५ साली मंजूर झाली. तिसऱ्या प्रादेशिक योजनेचे प्रारूप सप्टेंबर २०१६ मध्ये निघाले आणि ती २०२१ साली मंजूर झाली. या काळात कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मधील सुमारे ९८ हजारांवरून २०११ मध्ये सुमारे पावणेदोन लाखांवर गेली. मुंबईत ज्यांना खोली परवडत नव्हती त्यांना येथे घर मिळाले, हे या वाढीचे पुण्यच होय. त्यांपैकी पुष्कळ भगिनी आज आपल्या शेजारी आहेत.

परंतु नदी कोणाच्या योजनेची वाट पाहत नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हासेने बदलापूर आणि कल्याणच्या वस्त्यांत शिरून संसार धुऊन नेले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक उतारू सोडवावे लागले. त्यांत नऊ गर्भवती स्त्रिया होत्या. नौदलाचे व आपत्ती निवारण दलाचे जवान आले, तसेच आजूबाजूच्या गावांतील लोकही धावून गेले. जेथे आगगाडी अडकली तेथे पाणी नवीन नव्हते. नदी पूर्वीही तेथे पसरत असे; तेव्हा तेथे खाचरे होती, आणि खाचरात चार दिवस पाणी राहिले तर भाताला त्याचे फारसे वाटत नाही. तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराला मात्र वाटते.

याच कारणासाठी नदीकाठी पूररेषा आखतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथपर्यंत पोहोचतो ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जेथपर्यंत पोहोचतो ती तांबडी. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, असा साधा संकेत आहे. नद्यांच्या काठावर कोणता कारखाना किती अंतरावर असावा याचे एक धोरण राज्यात २००० साली झाले होते. ते फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द झाले. त्यानंतर नदीकाठच्या हिरव्या पट्ट्याचे महत्त्व कमी न होता वाढलेच आहे. नकाशात तो पट्टा पिवळा करताना शेताच्या मालकाची सही लागते, नदीची लागत नाही. तिच्या वतीने बोलणारे कोणी असावे लागते.

असे बोलणारे लोक आपल्याच नदीच्या मुखाशी निघाले. वसईचा पश्चिम भाग म्हणजे केळी, फुले, भाजीपाला आणि पानवेली यांच्या वाड्या. तेथे पावसाचे पाणी साठविणारी बावखले असतात, आणि त्यांच्या जोरावर विहिरी गोड राहतात. खाडी व समुद्र जवळ असल्याने जमिनीतील गोडे पाणी जास्त उपसले की खारे पाणी आत शिरते. १९८८च्या सुमारास हा हिरवा पट्टा बांधकामाला मोकळा करण्याचे धोरण आले, आणि विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तीत ख्रिस्ती होते, हिंदू होते, शेतकरी होते, शिक्षक होते, आणि वाडीतल्या बायका तर फार मोठ्या संख्येने होत्या, कारण विहीर खारी झाल्याची पहिली चव त्यांच्याच जिभेला कळत होती. मोर्चे निघाले, अर्ज गेले, कोर्टकचेऱ्या झाल्या. चळवळीने सर्व काही जिंकले असे नाही. वसई-विरारमध्ये आज उंच इमारतींची रांग दिसते. परंतु पश्चिमेच्या गावांत अजून वाड्या आहेत, आणि त्या आपोआप राहिलेल्या नाहीत. दिब्रिटो पुढे ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ साली निवर्तले.

दुसरे उदाहरण मुंबईचे. तेथे २०१४ ते २०३४ या काळाच्या विकास योजनेचे प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. गोरेगावच्या आरे दुग्ध वसाहतीची हिरवी जमीन बांधकामाला खुली करण्याचे त्यात योजले होते, आणि जुन्या वास्तूंवरून रस्ते नेल्यासारख्या ठळक चुकाही लोकांना आढळल्या. लोकांनी गल्लीगल्लीत नकाशे पसरले आणि हरकतींचा पाऊस पाडला. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांना ते प्रारूप मागे घ्यावयास लावावे लागले. सुधारित प्रारूप २०१६ साली आले आणि योजना २०१८ साली लागू झाली. स्त्रियांच्या संघटनांनी या काळात केवळ नको-नको म्हटले नाही. काय हवे तेही सांगितले. नोकरदार स्त्रियांसाठी निवास, मुलांच्या व वृद्धांच्या सांभाळाची केंद्रे, बायकांना हुन्नर शिकून माल विकता येईल अशी आधार केंद्रे यांसाठी त्या योजनेत जागा दाखविण्यात आल्या. मात्र आरेत २०१९च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, हेही सांगितले पाहिजे. एकदा हरकत घेऊन मंडळींनी घरी जाऊन निजावे, असे हे काम नाही.

येथे शेतकऱ्याची बाजूही समजून घेणे न्यायाचे आहे. भातशेती परवडत नाही. मजुरी वाढली, मुले नोकरीला गेली, आणि शेजारच्या पिवळ्या पट्ट्यातला माणूस एका व्यवहारात बंगला बांधतो. अशा वेळी आपली जमीन हिरवी राहावी असे ज्याला सांगावयाचे, त्याला केवळ निसर्गाची महती सांगून चालणार नाही. शहराला त्याची जमीन मोकळी हवी असेल तर त्या मोकळेपणाचा मोबदला शहराने दिला पाहिजे. दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही तर मालकाला नोटीस देता येते, आणि दोन वर्षांत पुढचे पाऊल पडले नाही तर आरक्षण आपोआप उठते, अशी तरतूद कायद्यात आहे. मालकाला त्याने न्याय मिळतो. परंतु गावाचे मैदान मात्र जाते. म्हणून ‘नकाशात बाग दाखविली आहे’ एवढ्यावर आपण संतुष्ट राहू नये.

आणखी एक गोष्ट खास आपली. रंग बदलण्याची कुणकुण लागली की माहेराहून निरोप येतो, ‘ताई, जरा सहीला ये.’ ती सही हक्कसोडपत्राची असते. वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच वाटा आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायद्यात तशी दुरुस्ती केली, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ आणखी स्पष्ट केला. भावाशी प्रेम राखावे आणि हक्क सोडावयाचा तर आनंदाने सोडावा. परंतु कोणत्या रंगाच्या, किती मोलाच्या जमिनीवरचा हक्क आपण सोडीत आहो, हे वाचून सही करावी. जिचे नाव सात-बारावर असते तिची हरकत सुनावणीत अधिक वजनाने ऐकली जाते, हाही त्यातला व्यवहार आहे.

आपल्या मंडळाने यात काय करावे? राजकारणात पडण्याची गरज नाही. नगरपालिकेच्या वा तहसील कचेरीच्या फलकावर प्रारूपाची सूचना लागली की तिची तारीख टिपून ठेवावी. आपल्या गावाचा नकाशा मागून मंडळाच्या खोलीत भिंतीला लावावा आणि जाणकाराला बोलावून तो समजून घ्यावा. मग त्यावर आपल्या ज्ञानाच्या खुणा कराव्या: कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते, पुराचे पाणी कोणत्या उंबऱ्यापर्यंत आले होते, मुली शाळेला कोणत्या वाटेने जातात, गुरचरण कोठे आहे. हे सर्व कचेरीतल्या साहेबाच्या कागदात नसते. ते आपल्याला ठाऊक असते, आणि लेखी दिले तरच त्याची नोंद होते.

प्रत्येक हिरव्या तुकड्याच्या बदलासाठी दोनच प्रश्न विचारले तरी पुष्कळ आहे. येथे येणाऱ्या माणसांना पाणी कोठून द्याल? आणि येथे साचणारे पाणी कोठे पाठवाल? ज्यांचे उत्तर समाधानकारक असेल त्या घरांचे आपण स्वागतच करू. तीही कोणा भगिनीचीच घरे असतील. ज्यांचे उत्तर मिळणार नाही, तेथे मुदत संपण्याच्या आत एका कागदावर आपले म्हणणे लिहावे, सह्या कराव्या आणि त्याची पोच घ्यावी. पोचेचा कागद मंडळाच्या कपाटात जपून ठेवावा. पुढच्या पिढीच्या मुलींना त्याचा उपयोग होईल.